बेसिनवर साबणाशेजारी क्रीमही हवे

महोदय,

कामाच्या ठिकाणी हात धुण्याची जागा असते, साबण असतो, हात कसे चोळावेत याची चित्रे भिंतीवर चिकटवलेली असतात. हात धुऊन झाल्यावर कातडीचे काय होते आणि तिला पुढे काय लागते, याबद्दल त्या भिंतीवर एक ओळही नसते. परिचारिका, सफाई कामगार, भांडी घासणारे, आचारी, केशकर्तनकार, यंत्रे दुरुस्त करणारे, गवंडी, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, दिवसभर पुठ्ठ्याची खोकी हाताळणारे गोदाम कामगार, या साऱ्यांचे हात कामामुळे फुटतात आणि ‘हाताने काम करायचे म्हटल्यावर एवढे व्हायचेच’ असे म्हणून विषय संपतो. हँड क्रीम ही नटण्यामुरडण्याची वस्तू समजली गेल्याने ती कुणाच्या तरी पर्समध्ये पडून राहते. आमचे म्हणणे असे, की हात धुणे आणि हाताला क्रीम लावणे हे एकाच कामाचे दोन भाग आहेत. पहिला भाग सक्तीचा करायचा आणि दुसरा कामगाराच्या मर्जीवर व खिशावर सोडायचा, ही पद्धत बदलायला हवी.

कारण समजले तर उपाय आपोआप पटतो, म्हणून आधी त्याबद्दल. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. अंगावर बहुतेक ठिकाणी त्याची जाडी 10 ते 20 मायक्रोमीटर, म्हणजे फार तर मिलिमीटरचा पन्नासावा भाग. या पेशी विटांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्या सांध्यांत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचे स्निग्ध लिंपण असते. पेशींच्या आत अमिनो आम्ले, युरिया, लॅक्टेट असे पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात. या थरातले पाणी साधारण 10 टक्क्यांच्या खाली गेले की त्याची लवचीकता जाते. मूठ वळली, बोट वाकले की पेराच्या रेषेवर तो तडकतो. साबण आणि डिटर्जंट सांध्यातले लिंपण धुऊन नेतात, पेशींमधले पाणी धरणारे पदार्थ बाहेर काढतात आणि पेशींतल्या केराटिन या प्रथिनाला स्वतः चिकटून राहतात. त्वचेचा स्वाभाविक सामू (पीएच) 4.5 ते 5.5 च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी असतो. नेहमीच्या वडीच्या साबणाचा 9 ते 10 असतो. सामू वाढला की लिंपण नव्याने तयार करणारी विकरे (एन्झाइम) मंदावतात. म्हणजे एकीकडे गळती वाढते आणि दुसरीकडे दुरुस्ती थांबते.

पाण्यात हात असताना ते कोरडे कसे पडतात, हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. पाण्यात भिजून वरचा थर फुगतो, सांधे सैल होतात. हात बाहेर काढला की आत शिरलेले पाणी उडून जाते आणि सैल झालेल्या सांध्यांतून त्वचेचे स्वतःचे पाणीही उडते. दर खेपेला थोडे थोडे अधिक जाते. म्हणून दिवसातून एकदा तासभर भिजलेल्या हातापेक्षा वीस वेळा ओला होऊन वाळलेला हात लवकर खराब होतो. त्यात हाताची रचनाही सारखी नाही. तळहाताची कातडी जाड, पण तिथे तेलग्रंथी मुळीच नसतात. मळहाताची, म्हणजे हाताच्या पाठीची, कातडी पातळ. बोटांच्या बेचक्यांत साबण आणि ओल अडकून राहते. त्यामुळे कोरडेपणाची सुरुवात बहुधा बेचक्या आणि बोटांची मुळे इथून होते. अंगठीखाली तर ती सगळ्यांत आधी दिसते, कारण अंगठीखालचा साबण कधीच पुरता निघत नाही.

आणखी एक गोष्ट माहीत नसल्यामुळे पुष्कळ जणांचे उपचार अर्धवट राहतात. क्रीम लावल्यावर हात दोन-चार दिवसांत मऊ लागतात, दिसायलाही बरे दिसतात. पण वरच्या त्वचेचा संपूर्ण थर नव्याने यायला साधारण चार आठवडे लागतात आणि त्वचेचा बिघडलेला अडसर, म्हणजे आतले पाणी रोखून धरण्याची तिची ताकद, पूर्ववत व्हायला तेवढा किंवा त्याहून जास्त काळ जातो. चार दिवसांनी क्रीम सोडले आणि पुन्हा डिटर्जंटमध्ये हात घातला की आतून अजून कच्ची असलेली कातडी पहिल्यापेक्षा लवकर फुटते. मग ‘क्रीमचा काही उपयोग होत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो.

कोणाला धोका जास्त, याचे व्यवसायजन्य त्वचारोगशास्त्रात वापरले जाणारे ढोबळ माप सोपे आहे. कामाच्या वेळात एकूण दोन तासांहून अधिक हात ओले राहत असतील किंवा दिवसात सुमारे वीस किंवा अधिक वेळा हात धुवावे लागत असतील तर ते ‘ओले काम’. हवा न जाणारे हातमोजे तासन्‌तास घालून ठेवणे हेही याच गटात धरले जात आले आहे, कारण आत घामाने हात भिजतातच. लहानपणी एक्झिमा (इसब) असलेल्या व्यक्तीची त्वचा मोठेपणीही कच्चीच धरावी. 2006 मध्ये फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातले दोष अशा एक्झिम्याशी जोडलेले असल्याचे स्पष्ट झाले. हे प्रथिनच पुढे पेशीतल्या पाणी धरणाऱ्या पदार्थांत रूपांतरित होते. ते कमी असेल तर अशा माणसाच्या त्वचेत पाणी धरण्याची शिल्लकच थोडी असते. ओल्या कामावर नवा माणूस घेताना एवढा एक प्रश्न विचारावा. त्याला नाकारण्यासाठी विचारू नये; पहिल्या दिवसापासून त्याच्या हाताची काळजी घेता यावी म्हणून विचारावा.

ओल नसलेल्या कामातही हात कोरडे पडतात. कागद आणि पुठ्ठा त्वचेवरचे तेल शोषून घेतात. वातानुकूलित खोलीतली हवा कोरडी असते. सिमेंट पाण्यात कालवल्यावर त्याचा सामू 12 च्या वर जातो, शिवाय त्यात क्रोमियमचा ॲलर्जी करणारा प्रकार असू शकतो. युरोपीय संघाने 2005 पासून त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत 2 भाग इतके मर्यादित केले, ते याचसाठी. यंत्रशाळेत हाताचे ग्रीस काढायला रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर वापरण्याची सवय आहे. हे द्रव ग्रीस विरघळवतात तसेच पेशींच्या सांध्यातले लिंपणही विरघळवतात. त्याऐवजी कोरड्या हातावर थोडे साधे वनस्पती तेल किंवा क्रीमच चोळून ग्रीस सैल करावे, चिंधीने पुसावे आणि मग सौम्य साबण लावावा. वाळू किंवा लाकडाचा भुसा घालून हात घासणे दिवसातून एकदासुद्धा नको.

आता धुण्याची पद्धत. अंगठी काढून ठेवावी. पाणी कोमट किंवा साधे असावे. गरम पाण्यात डिटर्जंट जास्त बोचरा होतो आणि गरम पाण्याने जंतू अधिक निघतात असे नाही. आधी हात पूर्ण ओले करावेत, मग साबण घ्यावा. कोरड्या हातावर घेतलेला द्रव साबण पडतो त्या जागी संहत राहतो आणि तिथली कातडी आधी जाते. चोळण्याइतकाच वेळ खळबळून धुण्याला द्यावा, विशेषतः बेचक्यांना. मग मऊ कागदी रुमालाने किंवा स्वच्छ पंच्याने टिपून घ्यावे. खसाखसा पुसू नये, आणि हात झटकून तसेच ओले ठेवून कामाला लागू नये. गरम हवेच्या यंत्राखाली बरेच जण बेचक्या ओल्याच ठेवून निघतात.

टिपून घेतल्यावर हातावर किंचित दमटपणा असतो, तेव्हाच क्रीम लावावे. उशीर झाला तर लावूच नये असे नाही, पण तेव्हा धरून ठेवायला पाणी कमी उरलेले असते.

किती लावायचे, इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. त्वचारोगतज्ज्ञ मलमाचे माप बोटाच्या पेरावर सांगतात: 5 मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत काढलेली क्रीमची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एवढे क्रीम प्रौढ माणसाच्या एका हाताला, तळहात आणि मळहात मिळून, पुरते. दोन्ही हातांना दोन रेघा, म्हणजे 1 ग्रॅम. कामावर चार वेळा आणि रात्री एकदा लावले तर दिवसाला 5 ग्रॅम झाले. 50 ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपायला हवी. ती सहा महिने टिकत असेल तर क्रीम लावले जातच नाही, असे समजावे. याच हिशोबाने 25 कामाच्या दिवसांत एका माणसाला कामावर सुमारे 100 ग्रॅम क्रीम लागते. पाच माणसांच्या बेसिनवर 500 ग्रॅमचा पंप महिनाभर पुरेल. भांडारातून क्रीम मागवणाऱ्याने हा गुणाकार करावा. साबण किती लिटर उठला आणि क्रीम किती, हे दोन आकडे शेजारी मांडले तरी कुठे काय चालले आहे ते कळते.

लावण्याचा क्रमही बदलावा. सवयीने आपण क्रीम तळहातावर घेतो, दोन्ही तळहात एकमेकांवर चोळतो आणि काम संपले असे मानतो. परिणाम असा की ज्या तळहाताने हत्यार धरायचे तो निसरडा होतो आणि जो मळहात कोरडा आहे त्याला काहीच मिळत नाही. क्रीम एका हाताच्या पाठीवर घ्यावे, दोन्ही मळहात एकमेकांवर घासावेत, मग बोटे एकमेकांत गुंतवून बेचक्या, मग अंगठ्याचे मूळ आणि मनगट, मग एकेका नखाची कड. शेवटी जे उरेल ते तळहाताला. अशा क्रमाने लावले तर दोन-तीन मिनिटांत पकड परत येते. तरीही घाईत अंगठा, बोटांची टोके आणि मनगट या जागा सुटतात. आरशासमोर नव्हे, उजेडात हात धरून एकदा पाहिले की कुठे चकाकी नाही ते दिसते.

वीस वेळा धुतल्यावर वीस वेळा क्रीम लावणे कोणालाही जमणार नाही, आणि तसा आग्रह धरला तर माणूस एकदाही लावणार नाही. कामाची पाळी (शिफ्ट) सुरू होताना, प्रत्येक मधल्या सुट्टीच्या सुरुवातीला, पाळी संपताना आणि झोपण्यापूर्वी, एवढे नेमाने झाले तरी फरक पडतो. सुट्टीच्या सुरुवातीला अशासाठी, की क्रीम मुरायला दहा-पंधरा मिनिटे मिळतात. रात्रीचा थर सगळ्यांत महत्त्वाचा. तेव्हा सहा-सात तास हात धुतला जात नाही, म्हणून तो जाड आणि तेलकट असू द्यावा.

कोणते क्रीम घ्यावे? जाहिरातीतले शब्द बाजूला ठेवून डबीच्या मागची घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. 1 टक्क्याखालच्यांना हा क्रम लागू नसतो. पहिल्या पाच-सहा नावांत पाणी ओढून धरणारा एक घटक हवा: ग्लिसरीन उत्तम, सॉर्बिटॉल किंवा युरियाही चालतो. आणि वरून झाकण घालणारा एक हवा: पेट्रोलियम जेली, मिनरल ऑइल, डायमेथिकोन किंवा मेण. नुसते ग्लिसरीन कोरड्या हवेत टिकत नाही; नुसती जेली पाणी उडू देत नाही पण चिकट लागते आणि दिवसा कोणी वापरत नाही. दोन्हींचा मेळ हवा. पंपातून सहज वाहणारे पातळ लोशन दिवसा सोयीचे, पण त्यात पाणी जास्त आणि स्निग्धांश कमी. हात फुटलेले असतील तर घट्ट क्रीम किंवा मलम लागते. युरिया 5 ते 10 टक्के असेल तर तो ओलावा धरतो. 20 टक्क्यांच्या पुढे तो जाड कातडी सोलवटतो. टाचेच्या घट्ट्यासाठी आणलेले तसले क्रीम हाताच्या भेगांना लावले की जोरात झोंबते.

सुगंध नको. ही शोभेची अट नाही; सुगंधी द्रव्ये ही क्रीममुळे होणाऱ्या ॲलर्जीचे एक मोठे कारण आहेत, आणि फुटलेल्या त्वचेतून ती अधिक आत जातात. जिथे खाद्यपदार्थ हाताळले जातात तिथे तर वास पदार्थालाच लागतो. टिकवण द्रव्यांपैकी मिथाइलआयसोथायझोलिनोन हे नाव लक्षात ठेवावे. त्याच्या ॲलर्जीचे रुग्ण इतके वाढले, की युरोपीय संघाने 2017 पासून अंगावर तशाच राहणाऱ्या प्रसाधनांत त्याला बंदी घातली. लॅनोलिन (लोकरीपासून मिळणारा मेणचट पदार्थ) बहुतेकांना मानवते, थोड्यांना नाही. ‘हायपोअलर्जेनिक’ किंवा ‘नैसर्गिक’ या शब्दांवर विसंबू नये. वनस्पतींचे अर्क आणि सुवासिक तेले यांचीही ॲलर्जी होते.

कामाच्या आधी लावायचे ‘संरक्षक क्रीम’ वेगळे विकले जाते आणि त्याला कधीकधी ‘अदृश्य हातमोजा’ म्हणतात. हे नाव धोकादायक आहे. असे क्रीम लावल्याने सॉल्व्हंट (थिनरसारखे द्रव), आम्ल किंवा सिमेंट अडत नाही. थर कुठे जाड, कुठे पातळ बसतो आणि घासला जाऊन निघून जातो. हात धुताना मळ सुटायला त्याची मदत होते, एवढाच त्याचा भरवशाचा उपयोग. पैसे मर्यादित असतील तर ते कामानंतरच्या साध्या, बिनसुगंधी क्रीमवर आणि योग्य हातमोज्यांवर खर्च करावेत.

हातमोज्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण क्रीम आणि मोजे एकमेकांना बिघडवतात. पेट्रोलियम जेली, मिनरल ऑइल आणि इतर तेले नैसर्गिक रबराला, म्हणजे लॅटेक्सला, कमकुवत करतात. ते फुगते, सैल पडते आणि फाटते. लॅटेक्सचे मोजे घालायचे असतील तर तेलविरहित, पाण्यावर आधारलेले क्रीम लावावे आणि ते पूर्ण मुरू द्यावे. जेली घरी, रात्री. नायट्राइल हे कृत्रिम रबर तेलाला बरेच टिकते. ओल्या हातावर मोजा चढवू नये. साबण धुतला गेला नसेल तर तो मोज्याच्या आत घामात विरघळून तासभर कातडीवर काम करत राहतो, आणि हा त्रास मोज्याची ॲलर्जी म्हणून खपतो. दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ मोजे घालायचे असतील तर आत पातळ सुती मोजे घालावेत आणि ते दमट झाले की बदलावेत. पाळीला दोन-तीन जोड लागतात, रोज धुवावे लागतात. आत पाणी शिरलेला मोजा लगेच काढावा, भोक पडलेला टाकून द्यावा. पावडरचे मोजे टाळावेत. पावडर कातडी आणखी कोरडी करते आणि लॅटेक्सची प्रथिने हवेत उडवते. अमेरिकेत 2017 पासून पावडरच्या वैद्यकीय मोज्यांवर बंदीच आहे. आणि फिरत्या यंत्रावर, ड्रिलवर, लेथवर काम करताना मोजे घालू नयेत, ते ओढले जातात. तिथे हाताची काळजी क्रीमनेच घ्यावी लागते.

काही कामे अशी आहेत की तिथे क्रीम चुकीचे निवडले तर नुकसान होते, आणि त्या भीतीने मग क्रीमवर सरसकट बंदी घातली जाते. बंदीऐवजी निवड करावी. रंगकामाच्या विभागात सिलिकोन चालत नाही: डायमेथिकोन असलेल्या क्रीमचे बोट लागले की त्या जागी रंग पसरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. तिथे ‘सिलिकोनविरहित’ असे स्पष्ट लिहिलेले क्रीम ठेवावे. इलेक्ट्रॉनिक पाट्या (सर्किट बोर्ड) आणि भिंगे हाताळणाऱ्यांनी मोजे घालूनच काम करावे आणि क्रीम सुट्टीत लावावे. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने हात धुणाऱ्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांनी त्याच्याशी जुळणारे क्रीमच वापरावे, कारण ऋणभारित पायसीकारके (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारी द्रव्ये) असलेली क्रीम क्लोरहेक्सिडिनचा टिकून राहणारा परिणाम मारतात. साबण पुरवणाऱ्याकडून हे लेखी विचारून घ्यावे. दाबाखालच्या ऑक्सिजनच्या सिलिंडरची झडप तेलकट हाताने कधीही हाताळू नये. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आल्यास पेट घेऊ शकतो. वेल्डिंग करणाऱ्यांनी, ज्योतीजवळ काम करणाऱ्यांनी क्रीमचे हात कपड्याला पुसू नयेत. क्रीममधले पॅराफिन (पेट्रोलियम जेली, मिनरल ऑइल) कापडात मुरून सुकले की दिसत नाही, पण ते कापड लवकर पेटते. शिडीवर चढण्याआधी, जड वस्तू उचलण्याआधी तळहाताला क्रीम नको, हे वेगळे सांगायला नको.

बोटाच्या ठशाने हजेरी घेणारे यंत्र ज्यांना नेहमी नाकारते, त्यांची बोटे बहुधा कोरडी आणि भेगाळलेली असतात. ठशाच्या रेषा काचेला नीट टेकत नाहीत. नियमित क्रीम लावल्याने हे सुधारते. पण यंत्रासमोर उभे राहून क्रीम लावू नये, काच माखते आणि पुढच्याचाही ठसा उमटत नाही.

अल्कोहोलच्या सॅनिटायझरबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे. फुटलेल्या हाताला सॅनिटायझर झोंबतो, म्हणून तो वाईट आणि साबण चांगला असे वाटते आणि माणूस साबणाने आणखी हात धुतो. प्रत्यक्षात ग्लिसरीन घातलेला सॅनिटायझर साबणापेक्षा त्वचेला सौम्य असतो. तो लिंपण धुऊन वाहून नेत नाही. झोंबणे हे आधीच झालेल्या नुकसानाचे लक्षण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात 80 टक्के इथेनॉलबरोबर 1.45 टक्के ग्लिसरॉल, म्हणजे ग्लिसरीनच, आहे, ते त्वचेसाठीच. हात दिसण्यासारखे मळलेले असतील, शौचानंतर, किंवा जुलाबाच्या काही संसर्गांत साबण-पाणीच हवे. इतर वेळी, विशेषतः रुग्णालयात, सॅनिटायझर पुरतो. साबणाने हात धुतल्यावर लगेच सॅनिटायझर, ही दुहेरी शिक्षा मात्र नको. सॅनिटायझर पूर्ण वाळल्यावरच क्रीम लावावे.

भेगा पडल्याच तर रात्री कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे हात बुडवून, टिपून, लगेच पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्यावा आणि वर सुती मोजे घालून झोपावे. एका बोटावरची खोल चीर दिवसा चिकटपट्टीने झाकावी; चिरेच्या दोन्ही कडा जवळ आणून पट्टी आडवी लावली तर ती पुन्हा उघडत नाही. लिंबू, मीठ, टूथपेस्ट, निर्जंतुकीकरणाचे द्रव असले काही भेगेत घालू नये. उचकटलेले साल ओढू नये, छोट्या कात्रीने कापावे.

क्रीमने भागणार नाही हे कधी ओळखावे? तीन-चार आठवडे नीट काळजी घेऊनही फरक नसेल. लाली, खाज, पाण्याचे बारीक फोड येत असतील. रजेत हात बरे होऊन कामावर आल्यावर पुन्हा बिघडत असतील. पू किंवा पिवळी खपली दिसत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. जाताना वापरातल्या साबणाचे, क्रीमचे, मोज्यांचे आणि रसायनांचे वेष्टन सोबत न्यावे. ॲलर्जीची शंका असेल तर पॅच चाचणी करतात: संशयित पदार्थ पाठीवर 48 तास चिकटवून ठेवतात, काढल्यावर एकदा आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात, कारण ही प्रतिक्रिया उशिरा येते. कोरडेपणा आणि साल निघणे एकाच हाताला असेल तर पायांचे तळवे, बोटांच्या फटी आणि नखे पाहावीत. दोन्ही पाय आणि एक हात अशी बुरशीची लागण नेहमी दिसते. तिला कोरडेपणा समजून मनानेच स्टेरॉइडचे मलम लावले की लाली तात्पुरती दबते आणि बुरशी पसरत जाते. डॉक्टरांनी स्टेरॉइड दिले तर ते सांगितलेल्या दिवसांपुरते वापरावे. क्रीम त्याआधीही आणि नंतरही चालूच ठेवावे.

आस्थापनांनी काय करावे, तेही नेमके सांगतो. प्रत्येक बेसिनवर साबणाच्या पंपाच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, क्रीमचा पंप बसवावा. दहा पावले लांब कपाटात ठेवलेले क्रीम कोणी लावत नाही. उघड्या तोंडाची मोठी बरणी ठेवू नये, प्रत्येकाचे बोट तिच्यात जाते आणि जंतू वाढतात. अर्धा रिकामा झालेला पंप वरून भरत राहू नये. बंद पिशवी किंवा बाटलीच बदलावी, ते शक्य नसेल तर पंप पूर्ण रिकामा करून, धुऊन, वाळवून मग भरावा. साबण सौम्य, बिनसुगंधी, त्वचेच्या सामूजवळचा घ्यावा. कापडी मोजे धुण्याची सोय करावी. सुट्टीच्या वेळेत क्रीमसाठी दोन मिनिटे धरावीत; ती कामचुकारी नाही.

ओल्या कामावर आलेल्या नव्या माणसाचे हात पहिल्या दिवशी, दीड महिन्याने आणि तीन महिन्यांनी पर्यवेक्षकाने उजेडात पाहावेत: बेचक्या, पेरे, नखांच्या कडा. बेचक्या लाल किंवा खवल्यांच्या दिसल्या, तर त्या माणसाचे ओले काम काही आठवडे कमी करून, मोजे आणि साबण बदलून पाहावे. या टप्प्यावर कातडी बहुतेकदा पूर्ण भरून येते. याच वेळी दुर्लक्ष झाले आणि फुटलेल्या त्वचेतून रबरातल्या रसायनाची, क्रोमियमची किंवा केसांच्या रंगाची ॲलर्जी एकदा जडली, तर ती सहसा आयुष्यभर राहते आणि माणसाला शिकलेला धंदा सोडावा लागतो.

आपले,
व्यवसायजन्य त्वचाविकारांच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक